उस्मानाबादचं ऋण

हिंगोली जिल्ह्यात ८ मार्च २०२५ पासून कर्करोग शोधण्याच्या ‘संजीवनी’ मोहिमेत बायकांकडून लक्षणांची प्रश्नावली भरून घेण्यात आली. आरोग्यमंत्री प्रकाश आबिटकर यांनी जुलैमध्ये विधिमंडळात दिलेल्या माहितीनुसार २,९२,९९६ स्त्रियांपैकी १४,५४२ जणींत कर्करोगासारखी लक्षणं दिसली. तोवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचं निदान तिघींना झालं होतं. मथळे अर्थातच साडेचौदा हजारांचे झाले. पण अंगावरून पांढरं जाणं किंवा अवेळी रक्तस्राव होणं याची कारणं बहुतेकदा साधी असतात. उलट या कर्करोगाला कारण ठरणारा एचपीव्ही विषाणू वर्षानुवर्षं कोणतंही लक्षण न दाखवता राहू शकतो. त्यामुळे खरा प्रश्न लक्षणं न दिसल्याने या आकड्याबाहेर राहिलेल्या पावणेतीन लाखांहून अधिक जणींचा आहे. त्याचं उत्तर शोधायला दूर जावं लागत नाही, ते मराठवाड्यातच मिळालेलं आहे.

परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा १ मे १९९९ ला झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरात उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात एक मोठा प्रयोग सुरू झाला. बार्शीचं नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधली जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी तो केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया गावांच्या ५२ समूहांमधून चार गटांत विभागल्या गेल्या. एका गटाची एचपीव्ही चाचणी झाली, दुसऱ्याची पॅप तपासणी (गर्भाशयमुखाच्या पेशींची) झाली आणि तिसऱ्यात व्हिनेगरसारखं ॲसिटिक आम्ल लावून गर्भाशयमुख डोळ्यांनी पाहिलं गेलं. चौथ्या गटाला तपासणी मिळाली नाही, नेहमीचीच सेवा मिळाली. आठ वर्षांत या चौथ्या गटात या कर्करोगाने ६४ जणी गेल्या. एचपीव्ही गटात बायकांची संख्या थोडी जास्त असूनही ३४ गेल्या. पुढच्या टप्प्यात पोचलेले कर्करोग एकीकडे ८२, तर दुसरीकडे ३९. आणि हा फरक पडला तो आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीने. २००९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जगभरच्या तपासणी-धोरणांत त्यांचा आधार घेतला गेला.

चौथ्या गटाला तपासणीविना ठेवणं न्याय्य होतं का, हा आक्षेप पुढे जाहीरपणे घेतला गेला. तो हलका नाही. नेहमीच्या सेवेत तपासणीच नव्हती, हे प्रयोगकर्त्यांचं समर्थन वस्तुस्थितीला धरून आहे. पण म्हणूनच त्या ६४ मृत्यूंतून आलेलं ज्ञान मराठवाड्यातल्या इतर जिल्ह्यांत न वापरता ठेवणं अधिक अन्यायाचं ठरतं. दुसरा आक्षेप पैशाचा. एचपीव्ही चाचणी महाग, व्हिनेगरची पद्धत स्वस्त, आणि मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलच्या प्रयोगात तिने मृत्यू ३१ टक्क्यांनी घटवले. खरं आहे. पण तिथे ती दर दोन वर्षांनी झाली. उस्मानाबादेत एकदाच केलेल्या तशा तपासणीने मृत्यूंत ठोस घट दिसली नाही. जिथे बाई पुन्हा हाती लागेल याची खात्री नसते, अर्धं वर्ष ऊसतोडीला गेलेली असते, तिथे एकदाच होणारी चाचणी अचूक हवी. शिवाय एचपीव्ही चाचणीचा नमुना बाई स्वतःही घेऊ शकते.

एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रियांसाठी तर हे आणखी निकडीचं आहे. एरवी बहुतेक जणींच्या शरीरातून एचपीव्ही दोनेक वर्षांत आपोआप जातो. एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती खालावली की तो टिकतो, म्हणून या स्त्रियांना या कर्करोगाचा धोका सुमारे सहापट असतो. अमेरिकेने १९९३ मध्येच हा कर्करोग एड्सच्या व्याख्येत घातला. जागतिक आरोग्य संघटना इतरांसाठी तिशीपासून तपासणी सुचवते, यांच्यासाठी पंचविशीपासून आणि दर तीन ते पाच वर्षांनी. सरकारी एआरटी (एचआयव्हीविरोधी औषधोपचार) केंद्रात औषधांसाठी या बायका नियमित येतातच, त्यामुळे त्यांना शोधत फिरावं लागत नाही.

कुणी म्हणेल, कर्करोगाचं नाव काढलं की बाई घाबरते आणि गर्भपिशवी काढून घेते. बीडमध्ये तसं घडलंही: २०१९ च्या शासकीय पाहणीत ऊसतोडीच्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. मात्र अशी भीती फोफावते ती ‘लक्षणं आहेत’ एवढ्याच मोघम निदानावर. चाचणीचा स्पष्ट निकाल हाती असेल, तर पिशवी काढा म्हणणाऱ्याला पुरावा विचारता येतो. म्हणून हिंगोलीने पुढची मोहीम प्रश्नावलीपासून नव्हे, तर एचपीव्ही चाचणीपासून सुरू करावी, आणि पहिली पाळी एआरटी केंद्रातल्या स्त्रियांची असावी.