चिनी भाषकांतील स्वमग्नता आणि भाषिक वेगळेपण : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
स्वमग्नतेची वैद्यकीय ओळख लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अमेरिकेत ११ मुलांच्या निरीक्षणातून करून दिली. त्यांपैकी ८ मुले बोलू लागली होती, ३ मुले बोलत नव्हती. ऐकलेले वाक्य जसेच्या तसे उच्चारणे व सर्वनामांची अदलाबदल ही वैशिष्ट्ये त्यांनी नोंदविली. ही निरीक्षणे इंग्रजी बोलण्याची होती. ती सर्व भाषांना लागू पडतात काय, याचा विचार प्रस्तुत निबंधात चिनी भाषांच्या संदर्भात केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
चीनमध्ये ही ओळख सुमारे चार दशके उशिरा झाली. १९८२ मध्ये नानजिंग येथील बालमनोविकारतज्ज्ञ ताओ कुओताई यांनी चार मुलांची नोंद प्रसिद्ध केली. १९९३ मध्ये तियान हुईपिंग या स्वमग्न मुलाच्या आईने बीजिंगमध्ये ‘तारे आणि पाऊस’ या अर्थाच्या नावाची संस्था स्थापन केली. २००६ मध्ये शासनाने स्वमग्नतेचा समावेश मानसिक अपंगत्वात केला. चीनमध्ये रूढ असलेल्या एका संज्ञेचा अर्थ ‘एकाकीपणाचा विकार’ असा आहे, तर तैवान व हाँगकाँगमधील संज्ञेचा अर्थ ‘स्वतःत बंद होण्याचा विकार’ असा आहे. दुसरी संज्ञा आपल्या ‘स्वमग्नते’च्या जवळची आहे.

भाषिक वैशिष्ट्ये :
मँडरिनमध्ये चार स्वर आहेत. ‘मा’ या एकाच उच्चाराचे स्वरभेदाने आई, ताग, घोडा आणि रागावणे असे अर्थ होतात. कँटोनीजमध्ये असे सहा स्वर मानले जातात. म्हणजेच येथे आवाजाचा चढउतार केवळ भावना दर्शवीत नाही, तो शब्दच घडवितो. मँडरिनभाषक स्वमग्न मुलांच्या मेंदूच्या प्रतिसादाचा २०१५ मध्ये अभ्यास झाला. साध्या ध्वनीतील चढउताराला त्यांचा प्रतिसाद इतर मुलांपेक्षा तीव्र होता, शब्दांतील स्वरभेदाला मात्र तसा तीव्र नव्हता. त्यामुळे अडचण कानाची नसून ध्वनीला भाषा म्हणून ग्रहण करण्याची असावी, असे दिसते. कँटोनीजभाषक प्रौढांच्या २०१६ मधील अभ्यासात स्वमग्न व्यक्तींच्या आवाजात चढउतार अधिक आढळला. ‘स्वमग्न व्यक्ती एकसुरी बोलते’ ही समजूत येथे अपुरी ठरते.

सर्वनामांबाबतही हेच म्हणता येईल. चिनी क्रियापद पुरुषानुसार बदलत नाही. त्यामुळे ‘मी’ऐवजी ‘तू’ आल्यास ती चूक केवळ सर्वनामातच दिसते. मराठीत ‘तू जातोस’ म्हणणाऱ्या मुलाच्या क्रियापदातही ती उमटते.

निष्कर्ष :
स्वमग्नता सर्वत्र आढळते, तथापि तिची भाषेतील खूण त्या त्या भाषेच्या घडणीनुसार बदलते. इंग्रजीवर बेतलेली कसोटी केवळ भाषांतरित करून वापरल्यास एखाद्या मुलाची अडचण ध्यानात येणार नाही, किंवा नसलेला दोष त्याच्या माथी मारला जाईल. म्हणूनच ज्या भाषेत मूल वाढते, त्या भाषेतूनच त्याचे बोलणे तपासले पाहिजे. चीनच्या अनुभवाचा हा धडा मराठीलाही तितकाच लागू आहे.