तळटीप : सोमाटणे ते न्यूयॉर्क – हवाई अंतर आणि उड्डाणवेळ

‘हवाई अंतर’ ही संज्ञा येथे पृथ्वीच्या गोल पृष्ठावरील दोन ठिकाणांना जोडणाऱ्या लघुतम रेषेच्या, म्हणजे बृहद्‌वृत्ताच्या कंसाच्या, लांबीसाठी योजली असून, सोमाटणे फाट्यापासून मुंबईच्या विमानतळापर्यंतचा शंभराहून अधिक किलोमीटरांचा रस्ता तीत धरलेला नाही. मुंबई–न्यूयॉर्क हे अंतर सुमारे १२,५५० किलोमीटर, म्हणजेच (एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा धरता) सुमारे ६,७७५ सागरी मैल भरते. सपाट नकाशावर ही वाट अरबस्तान व उत्तर आफ्रिकेवरून जाईलसे वाटते. परंतु पृथ्वीगोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरल्यास तो उत्तरेकडे झुकून आइसलंडच्या पूर्वेकडील समुद्रावर जवळपास ६५ अंश अक्षांशापर्यंत चढतो. प्रत्यक्ष मार्ग मात्र वारे, हवामान आणि बंद हवाई हद्दी यांनुसार बदलतो व बहुधा याहून लांब पडतो. वेळापत्रकातील ‘उड्डाणवेळ’ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंत मोजली जाते. जाताना, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या ‘जेट प्रवाह’ या उंचावरील वेगवान वाऱ्यांचा विरोध होत असल्याने, ती साधारण सोळा तासांची असते, तर परतीच्या प्रवासात तेच वारे पाठीशी असल्यामुळे दीड-दोन तास वाचतात. हिवाळ्यात न्यूयॉर्कचे घड्याळ भारताच्या साडेदहा तास मागे असते. त्यामुळे मुंबईहून पहाटे दोनला निघून सोळा तास उडालेले विमान तेथे त्याच दिवशी सकाळी साडेसातला उतरते आणि केवळ घड्याळे ताडून पाहणाऱ्यास हा प्रवास साडेपाच तासांचाच वाटतो.