नऊ विजय आणि न आलेलं निमंत्रण

फुटबॉल म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गोल चेंडू आणि जाळीचे गोलखांब येतात. अमेरिकेतला फुटबॉल वेगळा. तिथे लांबट चेंडू छातीशी धरून, अंगावर येणारे गडी चुकवत पळायचं असतं. महाविद्यालयीन सामन्यांनाही हजारोंची गर्दी लोटते. हंगाम गाजवणाऱ्या संघांना नववर्षाच्या सुमारास ‘बाऊल’ नावाच्या खास सामन्यांचं निमंत्रण येतं. त्यात मान असतो आणि पैसाही. हे निमंत्रण खेळून कमावलेल्या, पण ते न मिळालेल्या एका संघाची हकिगत आज मला सांगायची आहे.

हा संघ होता सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाचा. जेझुइट पाद्र्यांचं हे छोटंसं विद्यापीठ. प्रशिक्षक होते जो कुहारिच, मोठे करड्या शिस्तीचे. १९५१च्या हंगामात संघ नऊ सामने खेळला आणि नऊच्या नऊ जिंकला. न्यूयॉर्कला जाऊन त्यांनी फोर्डहॅमला ३२-२६ असं हरवलं, तर कॉलेज ऑफ द पॅसिफिकचा ४७-१४ असा धुव्वा उडवला. ऑली मॅटसन हा गडी चेंडू घेऊन १,५६६ यार्ड धावला. त्या वर्षी देशभरात तेवढं कुणीच धावलं नाही. बचावात बर्ल टोलर भिंतीसारखा उभा असे.

मॅटसन आणि टोलर, संघातले हे दोघेच कृष्णवर्णीय. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत तेव्हा शाळा वेगळ्या, बसमधल्या जागा वेगळ्या, आणि हा भेदभाव चक्क कायद्याने चालत असे. मोठे बाऊल सामनेही बहुतेक तिकडचेच. यायचं तर या दोघांना घरी ठेवून या, असा निरोप आपल्यापर्यंत पोहोचला, असं त्या संघातले खेळाडू पुढे आयुष्यभर सांगत आले. प्रतिस्पर्धी तुल्यबळ नव्हते, हेही कारण त्या वेळी पुढे करण्यात आलं. पण गंमत पाहा, ज्या पॅसिफिकला यांनी लोळवलं होतं, त्या संघाला मात्र टेक्ससच्या सन बाऊलचं बोलावणं आलं.

गोऱ्या खेळाडूंनी काय केलं? त्यांनी साफ नकार दिला. त्यावर फारशी चर्चाही झाली नाही, असं ते सांगत. मला यातली हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते. कारण नकाराची किंमत खरी होती. विद्यापीठाला फुटबॉलचा खर्च झेपत नव्हता, बाऊलच्या पैशाची गरज होती. हंगाम संपला आणि तोट्यापायी विद्यापीठाने तो संघच मोडला. न हरलेला संघ पुन्हा मैदानात उतरलाच नाही.

खेळाडू मात्र संपले नाहीत. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये मॅटसनने ४०० मीटर धावण्यात कांस्य आणि रिले शर्यतीत रौप्य पदक मिळवलं. आपल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीतलं कांस्य जिंकलं, ते याच ऑलिंपिकमध्ये. पुढे मॅटसन, जिनो मार्चेटी आणि बॉब सेंट क्लेअर या तिघांना व्यावसायिक फुटबॉलमधला सर्वोच्च बहुमान, म्हणजे ‘हॉल ऑफ फेम’मधलं स्थान मिळालं. एकाच महाविद्यालयीन संघातले तिघे! संघाच्या प्रसिद्धीचं काम पाहणारा तरुण पीट रोझेल १९६० साली थेट व्यावसायिक लीगचा प्रमुख झाला.

टोलरचा गुडघा १९५२ सालीच जायबंदी झाला आणि व्यावसायिक खेळाचं दार बंद झालं. तो शिक्षक झाला, नंतर मुख्याध्यापक. १९६५ साली तो त्याच व्यावसायिक लीगमधला पहिला कृष्णवर्णीय पंच बनला. ज्याला घरी ठेवा म्हटलं गेलं, तोच आता शिट्टी वाजवून खेळ थांबवू लागला.

वर्णद्वेष केवळ दक्षिणेत होता, असं मात्र समजू नका. सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठातल्या एका वसतिगृहाला जेम्स फेलन या राजकारण्याचं नाव होतं. कॅलिफोर्निया गोऱ्यांचाच राखा, अशी घोषणा देऊन १९२० साली निवडणूक लढवणारे हे गृहस्थ. २०१७ साली विद्यापीठाने ते नाव काढलं आणि इमारतीला बर्ल टोलर यांचं नाव दिलं. टोलर २००९ सालीच वारले होते, ते पाहायला राहिले नाहीत. पण तिथे राहायला येणारी मुलं आता घरी पत्ता कळवताना त्यांचं नाव लिहितात.