उपमुख्यमंत्रिपद : घटनेतील मौन आणि महाराष्ट्रातील राजकीय व्यवहार
(विशेष संदर्भ : नाशिकराव तिरपुडे व तत्कालीन भंडारा जिल्हा)

प्रस्तावना :

गोंदिया तालुक्यातील दवनीवाडा हे गाव आज गोंदिया जिल्ह्यात असले तरी १ मे १९९९ पर्यंत ते भंडारा जिल्ह्याचा भाग होते. धानपट्ट्यातील या गावाने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तीन राज्यांचा कारभार पाहिला. १९५६ पर्यंत हा प्रदेश जुन्या मध्यप्रदेशात होता व राजधानी नागपूर येथे होती. त्यानंतर साडेतीन वर्षे द्वैभाषिक मुंबई राज्य आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्र. दवनीवाड्याच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने या घडामोडीचा व्यवहारातील अर्थ एवढाच होता की, सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर असलेली राजधानी हजार किलोमीटरच्या आसपास दूर गेली. राजधानी दूर गेल्यावर मंत्रिमंडळात आपल्या भागाचा माणूस कोण, त्याचे स्थान कितवे, या प्रश्नाला महत्त्व येणे स्वाभाविक होते. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारामागेही हीच भावना होती.

या पार्श्वभूमीवर १९७८ मधील घटना लक्षणीय ठरते. महाराष्ट्राचे पहिले उपमुख्यमंत्री होण्याचा मान मुंबई, पुणे किंवा सातारा-सांगलीकडील नेत्यास न मिळता भंडारा जिल्ह्यातून पुढे आलेल्या नाशिकराव तिरपुडे यांना मिळाला. हा मान होता की अधिकार, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पदाचे घटनात्मक स्वरूप :

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १६३ मध्ये मुख्यमंत्री प्रमुख असलेल्या मंत्रिमंडळाची तरतूद आहे. अनुच्छेद १६४ नुसार राज्यपाल मुख्यमंत्र्यांची आणि त्यांच्या सल्ल्याने इतर मंत्र्यांची नियुक्ती करतात. उपमुख्यमंत्री हा शब्द या दोन्ही अनुच्छेदांत नाही. तिसऱ्या अनुसूचीतील शपथेच्या नमुन्यातही नाही. केंद्रातील उपपंतप्रधानपदाचीही तीच स्थिती आहे. १९४७ मध्ये सरदार पटेल यांच्यापासून हे पद व्यवहारात आले. डिसेंबर १९८९ मध्ये देवीलाल यांनी शपथ घेताना स्वतःचा उल्लेख उपपंतप्रधान असा केला, तेव्हा राष्ट्रपती वेंकटरमण यांना तेथेच दुरुस्ती सुचवावी लागली. त्या शपथेला पुढे आव्हान देण्यात आले. पदनामाच्या उल्लेखामुळे शपथ अवैध ठरत नाही व अशी व्यक्ती इतर मंत्र्यांप्रमाणे एक मंत्रीच असते, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये घेतली. राज्यांतील उपमुख्यमंत्र्यांच्या नियुक्त्यांना विरोध करणारी याचिकाही १२ फेब्रुवारी २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने फेटाळली.

या पदाचे वर्णन पुष्कळदा 'घटनाबाह्य' असे केले जाते. तो शब्द अचूक नाही. संविधानाने या पदाला मनाई केलेली नाही. त्याविषयी केवळ मौन पाळले आहे. या मौनामुळेच पदाचा आशय प्रत्येक मंत्रिमंडळात नव्याने ठरतो.

जपानचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. जपानच्या संविधानातही उपपंतप्रधानपद नाही. मात्र १९४७ च्या मंत्रिमंडळ कायद्याच्या नवव्या कलमानुसार पंतप्रधान अनुपस्थित किंवा असमर्थ झाल्यास त्यांचे काम कोणी पाहावे, यासाठी एका मंत्र्याला आधीच नियुक्त करता येते. याच कायद्याने मंत्रिमंडळ सचिवालयाची व्यवस्था केली असून त्याचा प्रमुख असलेला मुख्य मंत्रिमंडळ सचिव हा प्रशासकीय अधिकारी नसतो. तो मंत्री असतो, सर्व खात्यांत समन्वय साधतो व शासनाचा प्रवक्ता म्हणून रोज पत्रकारांना सामोरा जातो. जून १९८० मध्ये पंतप्रधान ओहिरा यांचे निधन झाले तेव्हा मासायोशी इतो यांनी, आणि एप्रिल २००० मध्ये पंतप्रधान ओबुची पक्षाघाताने कोसळले तेव्हा मिकिओ आओकी यांनी कारभार हाती घेतला. दोघेही त्या वेळी मुख्य मंत्रिमंडळ सचिव होते. म्हणजे जपानमध्ये दुसऱ्या क्रमांकाचे महत्त्व मुख्यतः कामाच्या सातत्यासाठी आहे.

महाराष्ट्रात असा प्रसंग एकदा आला. मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार यांचे २४ नोव्हेंबर १९६३ रोजी पदावर असतानाच निधन झाले. कन्नमवार हे चांद्याचे, म्हणजे विदर्भाचेच. त्या वेळी उपमुख्यमंत्रिपद अस्तित्वात नव्हते. पी. के. सावंत यांनी काही दिवस हंगामी मुख्यमंत्री म्हणून काम पाहिले व ५ डिसेंबर रोजी वसंतराव नाईक यांचा शपथविधी झाला. कारभार अडला नाही. त्यामुळे सातत्याच्या गरजेतून हे पद महाराष्ट्रात जन्माला आले असे म्हणता येत नाही. त्याचे मूळ वेगळ्याच ठिकाणी शोधावे लागते.

१९७८ : आघाडीचे गणित आणि तिरपुडे :

जानेवारी १९७८ मध्ये काँग्रेस पक्षात फूट पडली. महाराष्ट्रातील बहुतेक प्रस्थापित नेते, विशेषतः यशवंतराव चव्हाण व वसंतदादा पाटील, रेड्डी काँग्रेसमध्ये राहिले. विदर्भात मात्र इंदिरा गांधींच्या बाजूने वारे होते आणि तिरपुडे हे त्या पक्षाचे राज्यातील अग्रणी होते. फेब्रुवारीत झालेल्या विधानसभा निवडणुकीत २८८ पैकी जनता पक्षास ९९, रेड्डी काँग्रेसला ६९ आणि इंदिरा काँग्रेसला ६२ जागा मिळाल्या. बहुमतासाठी १४५ सदस्य हवे होते. दोन्ही काँग्रेस एकत्र आल्या तरी बेरीज १३१ होत होती; उरलेली तूट अपक्षांकडून भरून काढणे भाग होते.

महिनाभरापूर्वी परस्परांविरुद्ध प्रचार केलेले दोन पक्ष अशा रीतीने एका मंत्रिमंडळात आले. मुख्यमंत्रिपद मोठ्या गटाकडे, वसंतदादांकडे गेले. सात जागांनी मागे असलेल्या गटाला केवळ मंत्रिपदांवर समाधान मानावयास लावणे शक्य नव्हते. त्याच्या नेत्याला इतर मंत्र्यांपेक्षा वेगळे, परंतु मुख्यमंत्र्यांपेक्षा कमी असे स्थान हवे होते. उपमुख्यमंत्रिपद हे या सात जागांच्या फरकाचे उत्तर होते. राज्याच्या पूर्व टोकाला न्याय मिळावा हा त्यामागील हेतू होता असे मानण्यास आधार दिसत नाही. विदर्भाला मान मिळाला तो इंदिरा काँग्रेसचे बळ तेथे होते म्हणून. हा निष्कर्ष स्थानिक अभिमानाला थोडा कडू वाटेल, परंतु आकडे तोच सांगतात.

तिरपुडे यांची शैली आक्रमक होती. मंत्रिमंडळात राहूनही त्यांनी रेड्डी काँग्रेसच्या नेत्यांवर, यशवंतरावांवरसुद्धा, जाहीर टीका सुरू ठेवली. त्यांना केवळ उद्दाम ठरविणारे विवेचन पश्चिम महाराष्ट्रातील राजकीय लेखनात आढळते. ते एकांगी आहे. उपमुख्यमंत्र्याला स्वतःचा असा कायदेशीर अधिकार नव्हता. त्याचे वजन पक्षाच्या वेगळ्या अस्तित्वावर अवलंबून होते, आणि ते अस्तित्व सतत दाखवून देणे ही तिरपुडे यांची राजकीय गरज होती. दुर्दैवाने त्याच प्रक्रियेत आघाडी खिळखिळी झाली. जुलैमध्ये शरद पवार सहकाऱ्यांसह बाहेर पडले, सरकार गडगडले आणि १८ जुलै १९७८ रोजी पुरोगामी लोकशाही दलाचे मंत्रिमंडळ सत्तेवर आले. पहिले उपमुख्यमंत्रिपद जेमतेम साडेचार महिने टिकले.

माणूस गेला, पद मात्र राहिले. नव्या मंत्रिमंडळात सुंदरराव सोळंके उपमुख्यमंत्री झाले. गमतीचा योगायोग असा की, तिरपुडे यांच्या टीकेचे लक्ष्य असलेले यशवंतराव चव्हाण स्वतः जुलै १९७९ मध्ये चरणसिंग मंत्रिमंडळात उपपंतप्रधान झाले. तेही आघाडीच्याच गणितातून.

नंतरची वाटचाल :

१९८३ मध्ये वसंतदादांच्याच मंत्रिमंडळात रामराव आदिक उपमुख्यमंत्री झाले. ते एकपक्षीय सरकार होते, म्हणून हा अपवाद मानावा लागेल. १९९५ पासून पदाला स्थिरता आली. गोपीनाथ मुंडे, छगन भुजबळ व आर. आर. पाटील यांच्याकडे गृहखाते होते, तर अजित पवार यांच्याकडे २०१० पासून बहुतांश काळ वित्त. पदाला खरी ताकद मिळाली ती या खात्यांमुळे, पदनामामुळे नव्हे. संविधानाच्या अनुच्छेद १६६ खालील कार्यनियमावलीनुसार होणारे खातेवाटप हेच उपमुख्यमंत्र्याच्या सामर्थ्याचे वास्तविक मोजमाप आहे. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने मंत्र्यांची संख्या विधानसभेच्या १५ टक्क्यांवर मर्यादित केली. महाराष्ट्रात ती ४३ होते. पदांची संख्या वाढविता येईनाशी झाली, तेव्हा पदनामांचे मोल वाढले. ३० जून २०२२ रोजी माजी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस उपमुख्यमंत्री झाले, २ जुलै २०२३ रोजी अजित पवार यांच्या शपथविधीने राज्याला प्रथमच एकाच वेळी दोन उपमुख्यमंत्री लाभले, आणि ५ डिसेंबर २०२४ रोजी फडणवीस मुख्यमंत्री होताना मावळते मुख्यमंत्री एकनाथ शिंदे व अजित पवार हे उपमुख्यमंत्री झाले.

धानपट्ट्यापुरते बोलायचे तर, पहिल्या उपमुख्यमंत्र्याच्या साडेचार महिन्यांत भंडारा जिल्ह्याच्या प्रशासकीय नकाशात कोणताही बदल झाला नाही. जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला तो २१ वर्षांनी. दवनीवाड्याचे जिल्हा मुख्यालय तेव्हा भंडाऱ्याहून स्वतःच्याच तालुक्याच्या ठिकाणी आले. त्या दिवशी मुख्यमंत्री नारायण राणे होते कोकणातले, आणि उपमुख्यमंत्री गोपीनाथ मुंडे मराठवाड्यातले.