स्मारक पाडलं, चिन्ह उडत राहिलं



'किंग काँग' पाहिलाय का? नवा नाही, जुना, 1933 सालचा, कृष्णधवल. शेवटी तो अजस्र वानर एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या टोकावर चढतो आणि विमानं त्याच्याभोवती घिरट्या घालत गोळ्या झाडतात. त्यातल्या एका विमानात बसलेला माणूस म्हणजे या सिनेमाचा सहदिग्दर्शक, मेरियन कूपर. हौस म्हणून बसला होता, पण विमानातून गोळीबार करणं त्याला नवं नव्हतं. तेरा वर्षांपूर्वी तो खऱ्याखुऱ्या युद्धात हेच करत होता. आणि तेही स्वतःच्या देशासाठी नाही, तर पोलंडसाठी!

आजची गोष्ट त्याच्या स्क्वाड्रनची. आणि तिच्यातल्या मेलेल्या पोरांसाठी उभारलेल्या, नंतर पाडल्या गेलेल्या एका स्मारकाची.

आधी जरा मॅप उघडा. युक्रेनच्या पश्चिमेला, पोलंडच्या सीमेजवळ ल्विव शहर दिसेल. पोलिश लोक त्याला ल्वुफ म्हणतात. 1918 पर्यंत हे शहर ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होतं. पहिलं महायुद्ध संपता संपता साम्राज्य कोसळलं आणि प्रश्न उभा राहिला: आता शहर कोणाचं? शहरात पोलिश बहुसंख्य, आजूबाजूच्या खेड्यांत युक्रेनियन. दोघांनाही ते आपलंच वाटत होतं. गल्लीगल्लीत लढाई झाली. पोलंडच्या बाजूने शाळा-कॉलेजची मुलंसुद्धा बंदुका घेऊन उतरली. पोलिश लोक त्यांना आजही 'ल्वुफची गरुडपिल्लं' म्हणतात. पोलंड जिंकला. पण ते युद्ध संपतंय तोवर दुसरं पेटलं, सोव्हिएत रशियाशी.

कूपर 1919 मध्ये याच शहरात अमेरिकेकडून आलेल्या अन्नधान्याच्या मदतीचं काम बघत होता. पहिल्या महायुद्धात तो बॉम्बर विमान चालवायचा. विमान पडलं आणि तो जर्मनांच्या कैदेत गेला होता. पोलंडशी त्याचं एक घरगुती नातंही होतं. त्याच्या घरात पिढ्यानपिढ्या एक गोष्ट सांगितली जायची. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात, 1779 साली, पुलास्की नावाचा पोलिश सेनानी अमेरिकनांच्या बाजूने लढताना मेला, आणि कूपरचे पूर्वज त्याच्या सोबत होते. कूपरच्या मनात हिशोब सरळ होता: त्यांनी आमच्यासाठी रक्त सांडलं, आता ते कर्ज फेडायची पाळी आमची.

मग तो पॅरिसला गेला. तिथे सेड्रिक फाँटलरॉय हा दुसरा अमेरिकन वैमानिक भेटला. दोघांनी युद्ध संपून रिकामे झालेले आणखी काही अमेरिकन वैमानिक गोळा केले आणि पोलंडच्या हवाई दलात दाखल झाले. त्यांच्या स्क्वाड्रनला नाव मिळालं कोश्चुश्को. हाही पोलिशच. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात वेस्ट पॉइंटची तटबंदी बांधणारा इंजिनिअर. पुढे 1794 मध्ये त्याने पोलंडमध्ये रशियाविरुद्ध उठाव केला, तेव्हा शेतकरी गवत कापायचे लांब दांड्याचे विळे घेऊन त्याच्यामागे आले होते.

आता स्क्वाड्रनचं चिन्ह बघा. मधोमध पोलिश शेतकऱ्यांची लाल चौकोनी टोपी, एकमेकांवर तिरपे ठेवलेले दोन विळे, आणि भोवती अमेरिकन झेंड्याचे पट्टे नि तेरा तारे. हे चिन्ह काढलं स्क्वाड्रनमधल्याच एका वैमानिकाने, इलियट चेसने. लक्षात ठेवा हे चिन्ह, शेवटी लागणार आहे.

स्क्वाड्रनचा पहिला मृत्यू लढाईत झालाच नाही. नोव्हेंबर 1919 मध्ये ल्विवच्या विजयाच्या वाढदिवशी एडमंड ग्रेव्हज शहरावर कसरती करून दाखवत होता. विमानाचे पंख तुटले आणि ते पोटोत्स्की राजवाड्यावर कोसळलं. 1920 च्या जुलैमध्ये आर्थर केली गेला, ऑगस्टमध्ये मॅककॅलम. त्या उन्हाळ्यात बुद्योन्नीचं सोव्हिएत घोडदळ ल्विवच्या दिशेने येत होतं आणि ही मंडळी अगदी खालून उडत त्याच्यावर मशीनगन चालवत होती. जमिनीवरून साध्या रायफलीनेही टिपता येईल, इतक्या खालून! कूपरचंही विमान पडलं. तो पकडला गेला, मॉस्कोजवळच्या कैदी छावणीतून पळाला आणि लॅटव्हियाची हद्द गाठून वाचला.

युद्ध संपलं. ल्विवच्या लिचाकिव कब्रस्तानात गरुडपिल्लांसाठी वेगळी जागा झाली: कमानी, खांब, दगडी सिंह. तिथेच हे तिघे अमेरिकन पुरले गेले आणि 1925 मध्ये त्यांच्यासाठी एका वैमानिकाचा पुतळा असलेलं स्मारक उभं राहिलं. 1930 मध्ये स्क्वाड्रनवर पोलिश सिनेमाही आला, 'ग्व्याज्जिस्ता एस्काद्रा', म्हणजे ताऱ्यांची स्क्वाड्रन.

आणि मग 1939. सोव्हिएत फौजा शहरात आल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर तर शहर सोव्हिएत युक्रेनमध्येच गेलं. आता विचार करा. सोव्हिएत सत्तेच्या शहरात सोव्हिएत फौजेशी लढून मेलेल्या अमेरिकनांचं स्मारक! ते कसं चालणार? कब्रस्तान आधी बेवारस पडलं, लोक तिथे कचरा टाकू लागले. 1971 मध्ये रणगाडे आणि बुलडोझर घालून खांब पाडले. या सगळ्या नासधुशीत वैमानिकांचं स्मारकही गेलं. सिनेमाचीही आज एकही प्रत सापडत नाही. युद्धानंतर सोव्हिएतांनी त्या नष्ट केल्या असं सांगतात. दगडही गेला, फिल्मही गेली.

इथे थांबून म्हणता येईल, 'वाईट लोकांनी चांगलं स्मारक पाडलं, संपलं.' पण तेवढं सोपं नाहीये. सोव्हिएत संघ गेल्यावर 1991 मध्ये युक्रेन स्वतंत्र झाला, तरी कब्रस्तान पूर्ववत करण्यावरून वर्षानुवर्षं वाद चालला. कारण स्थानिक युक्रेनियन लोकांसाठी ही नुसती थडगी नव्हती. 1918 मध्ये आपल्याला हरवणाऱ्यांचं ते विजयस्मारक होतं. त्यांचीही पोरं त्याच लढाईत मेली होती. शेवटी 2005 मध्ये दोन्ही देशांच्या राष्ट्राध्यक्षांच्या उपस्थितीत कब्रस्तान पुन्हा खुलं झालं आणि शेजारीच युक्रेनियन सैनिकांचंही स्मारक आहे. दगडी सिंह परत आले, पण वादामुळे ते फळ्यांनी झाकून ठेवले होते. फळ्या निघाल्या 2022 च्या मे महिन्यात. म्हणजे कधी? रशियाने युक्रेनवर पुन्हा हल्ला केल्यावर, लाखो युक्रेनियन लोकांना पोलंडने घरात घेतल्यावर. शत्रू बदलला की दगडाचा अर्थही बदलतो.

याची एक बाजू आपल्या कोल्हापूरपर्यंत येते. 1940-41 मध्ये सोव्हिएतांनी याच पूर्व पोलंडमधून लाखो माणसं सायबेरियात नि कझाकस्तानात हाकलली. त्यातले काही इराणमार्गे भारतात पोहोचले आणि 1943 ते 1948 या काळात सुमारे पाच हजार पोलिश लोक, मुख्यतः बायका आणि मुलं, कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत राहिले. त्यांच्या आठवणीचा स्तंभ कोल्हापूरच्या महावीर उद्यानात आजही उभा आहे. त्याला कोणी हात लावला नाही, कारण इथे त्यांचं कोणाशी भांडणच नव्हतं.

आणि ते चिन्ह? 1940 मध्ये ब्रिटनमध्ये 303 क्रमांकाची पोलिश स्क्वाड्रन उभी राहिली, तिने तेच चिन्ह घेतलं: लाल टोपी, विळे, तेरा तारे. 'बॅटल ऑफ ब्रिटन'मध्ये या स्क्वाड्रनने शत्रूची 126 विमानं पाडल्याचा दावा नोंदवला. पुढे कम्युनिस्ट राजवटीत पोलंडमध्ये 1920 च्या त्या युद्धाबद्दल मोकळेपणाने बोलायची सोय नव्हती. ती राजवट गेली आणि चिन्ह पोलिश लढाऊ विमानांवर परत आलं.

रणगाडा खांब पाडू शकतो. पण एकाने दुसऱ्याकडून घेतलेलं चिन्ह पाडायला तो कुठे जाणार? पुलास्कीचं कर्ज कूपरने फेडलं आणि कूपरचं चिन्ह पुढच्या पोरांनी उचललं. ल्विवमध्ये दगड नव्हता, तेव्हाही ही साखळी चालू होती.

तुमच्या गावात असं एखादं स्मारक आहे का, ज्याच्या समोरून तुम्ही रोज जाता, पण नावं कधी वाचली नाहीत? उद्या जाताना दोन मिनिटं थांबा आणि वाचा. भेटू पुढच्या भागात!