जुपिटर नोटबुक (नकाशे व स्थानिक विश्लेषण)

जुपिटर नोटबुक : संगणकाच्या आज्ञा, त्यांची उत्तरे, नकाशे व टिपणे एकाच दस्तऐवजात क्रमाने मांडणारे मुक्त साधन. आयपायथन (२००१) या प्रकल्पातून २०१४ मध्ये जुपिटर प्रकल्प साकारला. नवशिक्याने ओळखीच्या जागेपासून आरंभ करावा, उदा., भिवंडीतील कामतघरचा वऱ्हाळादेवी तलाव. सेंटिनेल-२ उपग्रहाच्या १० मी. विभेदनाच्या प्रतिमांतील हिरवा व निकट-अवरक्त हे पट्टे तुलनेस घेतल्यास पाणी जमिनीपासून वेगळे काढता येते. अशी मिळालेली तलावाच्या काठाची आकृती जिओपांडाज या पायथन-संचात उघडल्यावर, क्षेत्रफळ मोजण्यापूर्वी अक्षांश-रेखांशांचे यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशा-प्रक्षेपणाच्या ४३ उत्तर विभागात रूपांतर करावे लागते. अन्यथा उत्तर चौरस अंशांत येते व निरुपयोगी ठरते. आज्ञांचे चौकोन उलटसुलट क्रमाने चालवल्यास निष्कर्ष फसतात, म्हणून शेवटी संपूर्ण नोटबुक पहिल्यापासून पुन्हा चालवावे. प्रत्येक पायरी लिहिलेली असल्याने कोणालाही तेच गणित पडताळता येते, हे या पद्धतीचे मोठे बळ होय.