सरकारी हुकूम आणि चवदार तळ्याचे पाणी

इंग्रजी राजवटीचा कारभार कागदावर चालत असे. ठराव, परिपत्रक, जाहीरनामा, मनाई हुकूम अशा अनेक रूपांनी तो कागद मुंबईच्या सचिवालयातून निघे आणि जिल्हा, तालुका व गाव अशा पायऱ्या उतरत जाई. या पायऱ्यांवर त्याचे काय होई, हा प्रश्न अस्पृश्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकाला टाळता येणार नाही. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार महाडच्या उदाहरणाने करावयाचा आहे. १९८१ साली ज्याचे नाव रायगड झाले, त्या कुलाबा जिल्ह्यातील सावित्रीकाठच्या या गावात सरकारी कागदाचे बळ आणि त्याचे दौर्बल्य ही दोन्ही एकाच तळ्याच्या काठी उघडी पडली.

या इतिहासाची सुरुवात महाडच्या बरीच आधीची आहे. जून १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून एका महार मुलाने मुंबई सरकारकडे अर्ज केला. न्याय अर्जदाराच्या बाजूचा आहे, हे सरकारने अमान्य केले नाही. तथापि एका मुलासाठी इतर सर्व विद्यार्थ्यांना शाळा सोडावी लागेल, या भीतीने त्यास प्रवेश नाकारला. पुढे १८५८ साली, सर्वस्वी सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व वर्गांना खुल्या राहतील, असे सरकारने जाहीर केले. तत्त्व मान्य करावयाचे आणि अंमलबजावणीचा प्रश्न निघाला की स्पृश्यांच्या रोषाकडे पाहून पाऊल मागे घ्यावयाचे, ही रीत तेव्हापासूनची आहे. त्याच वर्षीच्या राणीच्या जाहीरनाम्याने धार्मिक बाबतीत हस्तक्षेप न करण्याचे अभिवचन दिले आणि या रीतीला राजनीतीची प्रतिष्ठा लाभली.

महाड परिसरातील अस्पृश्य समाजाला सरकारी कागदाची भाषा अपरिचित नव्हती. महाडजवळील रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे लष्करातील निवृत्त सैनिक. १८८८ साली त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका प्रसिद्ध केली, महारांची लष्करभरती बंद झाली तेव्हा तिच्याविरुद्ध अर्ज तयार केला आणि १८९५ मध्ये महाड तालुका लोकल बोर्डावर सरकारने त्यांची नेमणूक केली. एका अस्पृश्याने आपल्या शेजारी बसावे, ही गोष्ट स्पृश्य सभासदांना रुचली नाही. सरकारी नेमणुकीने खुर्ची मिळाली, पण खुर्चीभोवतीची माणसे त्या कागदाने बदलली नाहीत.

४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेमंडळात आपला सुप्रसिद्ध ठराव मांडला आणि तो संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले व राखलेले पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा, तसेच सरकारने नेमलेल्या किंवा कायद्याने निर्माण झालेल्या संस्थांच्या ताब्यातील अशी ठिकाणे अस्पृश्यांना वापरू द्यावीत; शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखानेही त्यांना खुले असावेत, असा त्याचा आशय होता. ११ सप्टेंबर १९२३ रोजी सरकारने त्यानुसार हुकूम काढला.

या हुकुमाचे शब्द बारकाईने पाहिले पाहिजेत. जी ठिकाणे खुद्द सरकारच्या मालकीची होती, तेथे ठराव अमलात आणावा, अशी सूचना खातेप्रमुखांना दिली गेली. मात्र नगरपालिका आणि लोकल बोर्डे यांच्याबाबत भाषा बदलली. ठरावाचा स्वीकार करणे इष्ट आहे काय, याचा विचार करण्याचा सल्ला कलेक्टरांनी या संस्थांना द्यावा, एवढेच सरकारने सांगितले. गावोगावच्या विहिरी आणि तळी बहुतांशी याच संस्थांच्या ताब्यात होती. म्हणजे जेथे पाणी होते तेथे आज्ञा नव्हती, केवळ सल्ला होता. ठराव न पाळणाऱ्या संस्थांचे अनुदान बंद करावे, असा दुसरा ठराव ५ ऑगस्ट १९२६ रोजी बोले यांना मांडावा लागला. पहिल्या हुकुमाची वाट तीन वर्षांत कुठवर पोहोचली होती, हे सांगण्यास तेवढी गोष्ट पुरेशी आहे.

महाडच्या नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे अस्पृश्यांना खुले असल्याचा ठराव केला. सुरेंद्रनाथ ऊर्फ सुरबानाना टिपणीस यांच्यासारखे सुधारणावादी पुढारी गावात होते, हे या प्रगतीचे एक कारण होय. कागदोपत्री महाड आता पुढारलेले शहर ठरले. प्रत्यक्षात मात्र एकही अस्पृश्य त्या तळ्यावर पाणी भरीत नव्हता. मुसलमान तेथे पाणी भरीत, गुरेढोरे पाणी पीत. तळ्याभोवती घरे होती ती सवर्णांची. त्या घरांवरून चालत जाऊन पाण्याला हात लावण्याचे धैर्य नगरपालिकेच्या ठरावातून कोणाला मिळणार नव्हते.

ते धैर्य २० मार्च १९२७ रोजी प्रकट झाले. कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेसाठी जमलेला समुदाय बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली शिस्तीने तळ्यावर गेला आणि पाणी प्याला. थोड्याच वेळात वीरेश्वराच्या देवळात अस्पृश्य शिरणार अशी खोटी आवई उठविण्यात आली व परिषदेहून परतणाऱ्यांवर लाठ्या पडल्या. पुढे शेण, गोमूत्र, दूध व दही यांच्या घागरी ओतून तळ्याची ‘शुद्धी’ करण्यात आली. आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी, बोले ठरावाला बरोबर चार वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी, महाड नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. जोवर ठराव कागदावर निजून होता तोवर तो कोणाला खुपला नाही. माणसांनी तो खरा मानला, तेव्हा तो रद्द झाला.

याला उत्तर म्हणून डिसेंबरात सत्याग्रह करण्याचे ठरले. जिल्हा मॅजिस्ट्रेटने अस्पृश्यांविरुद्ध बंदी घालावी, ही सनातन्यांची खटपट फळली नाही. तेव्हा त्यांनी १२ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या दिवाणी न्यायालयात बाबासाहेब व त्यांचे सहकारी यांच्यावर दावा गुदरला. हे ‘चौधरी तळे’ खाजगी आहे आणि अस्पृश्यांना तेथे मज्जाव करण्याची प्राचीन वहिवाट आहे, असे त्यांचे म्हणणे होते. दोन दिवसांत, १४ डिसेंबरला, तात्पुरता मनाई हुकूम निघाला. तळे खुले करणाऱ्या हुकुमाला चार वर्षांत मुंबईहून महाडच्या पाण्यापर्यंत पोहोचता आले नव्हते. तळे बंद करणाऱ्या हुकुमाला दोन दिवस पुरले.

२४ डिसेंबरला बाबासाहेब ‘पद्मावती’ बोटीने मुंबईहून निघाले आणि दुसऱ्या दिवशी दासगाव बंदरात उतरले. हजारो माणसे तेथे वाट पाहत होती. त्यांची पाच मैलांची मिरवणूक महाडकडे निघाली. गावात सभेला जागा देण्यास हिंदू तयार नव्हते. फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली. २५ डिसेंबरच्या रात्री तेथे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांच्या ठरावानुसार मनुस्मृतीचे दहन झाले. शतकानुशतके अंमल गाजविणाऱ्या एका जुन्या हुकूमनाम्याला माणसांनी जाहीरपणे दिलेला तो नकार होता.

मात्र न्यायालयाचा कागद समोर होता. सत्याग्रहासाठी हजारोंनी नावे नोंदविली होती आणि तुरुंगात जाण्याची त्यांची तयारी होती. बाबासाहेबांपुढील पेच साधा नव्हता. मनाई हुकूम मोडला तर संघर्ष सनातन्यांशी न राहता सरकारशी जुंपेल, आणि ज्या कायद्याच्या आधारे हक्क सिद्ध करावयाचा त्याचीच अवज्ञा घडेल. परिषदेने अखेर सत्याग्रह तहकूब केला. मिरवणूक तळ्याला वळसा घालून आली, पाण्याला कोणी स्पर्श केला नाही. मार्चमध्ये पाणी पिण्यास जेवढे धैर्य लागले, तेवढेच तहानेल्यांना डिसेंबरात काठावरून परतण्यास लागले असले पाहिजे.

यानंतरची लढाई न्यायालयात झाली. २३ फेब्रुवारी १९२८ रोजी तात्पुरता मनाई हुकूम उठला. १९३१ साली मूळ दाव्याचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. १९३३ मध्ये ठाण्याच्या न्यायालयात अपील फेटाळले गेले. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड व न्यायमूर्ती वाडिया यांनी अंतिम निर्णय दिला. ज्या पुरातन वहिवाटीचा आधार सनातनी घेत होते, ती कायद्याला अभिप्रेत अशी पुरातन असल्याचे त्यांना शाबीत करता आले नाही, असे न्यायालयाने ठरविले. दावा दाखल झाल्यापासून नऊ वर्षे तीन महिने लोटले होते.

या इतिहासातून सरकारी हुकूम निरर्थक असतात, असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. बोले ठराव आणि १९२४ चा पालिकेचा ठराव नसता, तर तळ्यावर जाणाऱ्यांना आपला हक्क मांडताना एक भक्कम आधार कमी पडला असता. पण सल्ला देणारा हुकूम आणि हक्क देणारा कायदा यांतील अंतर बाबासाहेबांनी महाडला अनुभवले होते. भारतीय संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदात सार्वजनिक निधीतून राखलेल्या विहिरी, तळी, स्नानघाट व रस्ते यांच्या वापराबाबत जातीच्या कारणावरून कोणत्याही नागरिकावर निर्बंध घालता येणार नाही, असे म्हटले आहे. १९२३ च्या ठरावातील पाणवठे येथे पुन्हा भेटतात. मात्र येथे ‘विचार करावा’ असे कोणी कोणाला सुचवीत नाही. १७ व्या अनुच्छेदाने तर अस्पृश्यताच नष्ट केली आणि तिचे आचरण गुन्हा ठरविला.

सम्राट अशोकाच्या धम्मलिपी हेही राजशासनच होते. त्याच्या दुसऱ्या शिलालेखात वाटेवर माणसांच्या आणि पशूंच्या उपयोगासाठी विहिरी खोदल्याचा उल्लेख आहे. ती विहीर कोणाची, असा प्रश्न त्या लेखात उद्भवतच नाही. महाडजवळच गांधारपाले येथील बौद्ध लेण्यांत आजही खडकात कोरलेली पाण्याची टाकी दिसतात. याच डोंगराच्या सावलीत दोन हजार वर्षांनी पाण्यासाठी माणसांना मार खावा लागला. मधल्या काळात काय हरपले होते आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आपण काय परत मिळविले, याचे उत्तर या दोन पाणवठ्यांच्या मध्ये आहे. म्हणून दरवर्षी २० मार्चला चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरणाऱ्या उपासकाने आपल्या गावातील पाणवठ्याचीही आठवण ठेवावी. संविधानातील शब्द तेथे पोहोचला आहे किंवा नाही, हे आपण स्वतः जाऊन पाहावयाचे असते. महाडला आपल्या पूर्वजांनी तेच केले.